हे टांकसाळीत बिघडलं की बाजारात?

अंबडला माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. गल्ल्यात एखादं वेगळं दिसणारं नाणं आलं की ते बिस्किटाच्या जुन्या डब्यात टाकायचं, ही त्यांची कितीतरी वर्षांची सवय. दिवाळीत मी गेलो तेव्हा त्यांनी तो डबा माझ्यासमोर सतरंजीवर ओतला.

"दिवसभर प्रेसवर पत्र्याच्या चकत्याच पाडायलास ना तू? मग बघ बरं, यातलं टांकसाळीतनंच असं आलेलं कोणतं हाय, आन् मागनं कोणी ठोकलेलं कोणतं हाय."

त्यांनी विचारायला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी एका अनोळखी माणसानं फोन करून तुमच्याकडच्या चुकीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असं सांगितलं होतं, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणाला. मामांनी पैसे भरले नाहीत, पण प्रश्न डोक्यात राहिला. मी आधी त्यांना हे सांगितलं की रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये नेमक्या याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांसाठी फी, कमिशन किंवा कर मागितला जातो. बँक असा कुठलाही व्यवहार करत नाही आणि कोणाला करायला सांगतही नाही. फोनचा विषय तिथं संपला. मग नाणी घेतली.

मी वाळूजला एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये काम करतो. नाण्यांचा नाद मला नंतर लागला, पण नाणं बघताना डोळा प्रेसवाल्याचाच राहतो आणि ते बरंच आहे, असं मला वाटतं. कारण नाणं हा शेवटी प्रेसमधला जॉब आहे. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, तापवून मऊ करतात, रिमिंगच्या यंत्रातून फिरवून त्यांचा काठ थोडा उचलून घेतात. मग वरच्या आणि खालच्या डायच्या, म्हणजे नक्षी कोरलेल्या पोलादी ठशांच्या मध्ये, भोवती कॉलर म्हणजे धातूला अडवणारं कडं असताना, एका दणक्यात दोन्ही बाजू आणि कड एकदम तयार होते. म्हणजे चूक होऊन होऊन तीन ठिकाणी होणार: चकतीत, डायमध्ये किंवा दणका बसताना. नाण्यावर जे काही विचित्र दिसतं, ते यातल्या कोणत्या पायरीवर आणि कसं घडलं हे मला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर ते टांकसाळीच्या दारातून बाहेर पडल्यावर घडलं असं धरून चालायचं. "असं कुठं बघितलंच नाही" हा काही पुरावा नाही. बाहेर आलेल्या नाण्याचं चाकाखाली, चुलीत, ग्राइंडरवर काहीही होऊ शकतं, आणि त्या प्रत्येकाचा नमुना निराळाच दिसणार.

पहिल्या फेरीत जी नाणी बाजूला गेली ती बिघडलेलीच नव्हती. सालाखाली चांदणी आहे म्हणून मामांनी काही ठेवली होती. चांदणी हैदराबादच्या टांकसाळीची, पत्त्यातल्यासारखी चौकट मुंबईची, ठिपका नोएडाचा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. दहाच्या नाण्यांचंही तसंच. एकावर पंधरा रेषा, एकावर दहा रेषा आणि रुपयाचं चिन्ह. मधल्या काळात आपल्याकडे दुकानदारांनी दहाचं नाणं घेणंच बंद केलं होतं, त्यामागंही हाच गोंधळ होता. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं दहाच्या नाण्याचे तोवरचे १४ नमुने सगळे चलनात ग्राह्य असल्याचं स्पष्ट केलं. नमुना बदलला म्हणजे चूक झाली असं नाही, हे मामांना लगेच पटलं. त्यांनी ती उचलून थेट गल्ल्यात टाकली.

दुसरा ढीग गंगेतल्या नाण्यांचा. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. भाविक पुलावरून नाणी टाकतात, आणि घाटावरची पोरं दोरीला चुंबक बांधून ती वर काढतात. स्टेनलेस स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, जुनी तांबे-निकेलची चिकटत नाहीत, म्हणून वर येतात ती बहुतेक स्टीलची. वाळूनं घासून अक्षरं गुळगुळीत, अंगावर काळपट डाग, कुठं बारीक खड्डे. मामांना त्यातला एक रुपया "अर्धवट छापलेला" वाटत होता. भिंगाखाली धरला. डायमध्ये ग्रीस किंवा घाण भरून अक्षर उठलं नसेल, तर त्या जागी सपाट पृष्ठ त्याच उंचीवर असतं आणि त्याला शेजारच्या भागासारखीच चकाकी असते. इथं अक्षराबरोबर आजूबाजूचं सगळंच झिजलं होतं, काठसुद्धा. छाप कमी बसलेली नव्हती, बसलेली छाप पुसली गेली होती.

कडी लावण्यासाठी भोक पाडलेली, कडी काढल्यावर रांग्याचा ठिपका उरलेली, सोनेरी मुलामा दिलेली, शेंदरानं माखलेली, पंपाला वॉशर म्हणून वापरलेली, ही सगळी पटापट बाजूला गेली. नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे, पण शेतात वॉशर मिळाला नाही की लोक हाताला येईल ते लावतात.

रुळावर ठेवून चेपलेल्या नाण्यापाशी थोडं थांबावं लागलं, कारण त्याच्याशी गल्लत होणारी एक खरी चूक आहे. दणका बसताना कॉलर जागेवर नसली तर धातू बाहेर पसरतो आणि नाणं नेहमीपेक्षा मोठं, पातळ, कडेला दाते नसलेलं निघतं. रुळावरचंही मोठं आणि पातळच होतं. वजनात फरक पडत नाही, दोन्हीकडं धातू तेवढाच असतो. फरक नक्षीत असतो. कॉलरशिवाय पडलेल्या नाण्यावर मधली अक्षरं धारदार उठलेली असतात, कारण ती धातू पसरत असतानाच डायनं उठवलेली असतात. चाकाखाली मात्र आधी उठलेली अक्षरं चेपली जातात आणि चाक ज्या दिशेला गेलं त्या दिशेनं लांबतात. मामांच्या नाण्यावरचे सिंह एका अंगाला ओढले गेले होते. ते बाजूला.

मग वजनाचा काटा आणि माप घ्यायचा व्हर्नियर घेतला. माझ्या मते या कामात भिंगाइतकाच काटा लागतो, आणि लोक नेमका तोच घेत नाहीत. २०११ च्या मालिकेतला रुपया २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम, दोनचं नाणं २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम, पितळी रंगाचं पाचचं २३ मिलिमीटर आणि ६ ग्रॅम. दोन धातूंचं दहाचं २७ मिलिमीटर आणि ७.७१ ग्रॅम. १९९२ नंतरचं तांबे-निकेलचं जाड पाचचं नाणं तब्बल ९ ग्रॅमचं. २०१९ च्या मालिकेत मापं पुन्हा बदलली, म्हणून आधी साल बघायचं आणि मगच तुलना करायची.

डब्यात २०१२ चं एक दोनचं नाणं होतं, बाकीच्यांपेक्षा लहान. मामांची सगळ्यात जास्त आशा त्याच्यावर. रुपयाच्या चकतीवर दोनचा ठसा पडला असेल तर? अशी चूक जगभरच्या टांकसाळींत होते, हा विचार अगदी योग्य होता. पण मग वजन ३.७९ च्या जवळ आणि माप २२ च्या जवळ यायला हवं. हे भरलं चार ग्रॅमच्या वर. व्हर्नियर एका दिशेनं २४ दाखवत होता, नाणं फिरवलं की त्याहून कमी. म्हणजे ते गोलच नव्हतं. कॉलरमध्ये पडलेलं नाणं गोलच असतं. कडेवर भिंग धरलं तर एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघा दिसल्या, ग्राइंडरच्या चाकाच्या. मामांनी स्वतः भिंगातून बघितल्या. "घासलंय रे हे," म्हणाले आणि स्वतःच्या हातानं त्या ढिगात टाकलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते. १९९०च्या दशकातली एक रुपयाची स्टीलची दोन नाणी होती, दोन्हींच्या कडेचा एक भाग चावा घेतल्यासारखा गेलेला. वरवर दोन्ही सारखीच.

असा चावा टांकसाळीत कसा पडतो? लाटलेल्या पोळीतून वाटीनं पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर चढली तर पुरीचा एक घास जातो, तेच इथं होतं. पट्टी पुरेशी पुढं सरकली नाही आणि चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर उतरला. यातून पहिली खूण आपोआप मिळते. चाव्याची कमान त्याच पंचनं पडलेली असते, म्हणून तिची गोलाई नाण्याच्याच गोलाईशी जुळते. मी त्याच काळातला एक चांगला रुपया चाव्यात बसवून बघितला. एकात नीट बसला. दुसऱ्यात फट राहिली, आणि चावा कमानीचा नसून किंचित सरळच आहे हे दिसलं.

दुसरी खूण माझ्या रोजच्या कामातली. पंचनं कापलेल्या कडेला दोन पट्टे असतात: पंच धातूत घुसतो तेवढा भाग गुळगुळीत, आणि तिथून खाली धातू तडकून सुटतो तो भाग खरबरीत. आम्ही याला शिअर आणि फ्रॅक्चर म्हणतो, नव्या ट्रेनीला पहिल्या आठवड्यात हेच दाखवतो. चाव्याच्या भिंतीला नंतर रिमिंगचं यंत्रही लागत नाही आणि कॉलरही लागत नाही, म्हणून तो दुपदरी काप दणक्यानंतरही ओळखू येतो. पहिल्या नाण्याच्या चाव्यात तो होता. दुसऱ्याच्या चाव्यात वरपासून खालपर्यंत आरीच्या रेघा होत्या आणि खालच्या काठावर बर, म्हणजे धातूची धारदार किनार, निघालेली होती, बोटाला लागेल इतकी.

तिसरी खूण मला सगळ्यात सुंदर वाटते. चाव्याच्या बरोबर समोरचा काठ बघायचा. रिमिंगच्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जात फिरते. चावा एका बाजूला आला की तिथं दाबायला काही नसतं, आणि मग त्या क्षणी समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. तिथला काठ उचलला जात नाही. पुढं डायचा दणका बसला तरी तो भाग फिकाच राहतो. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. चावा लहान असला तर तो अंधुक असतो, पण चांगल्या मोठ्या चाव्यासमोर काठ भरदार आणि पूर्ण दिसला की मी संशय घेतो. आरी घेऊन बसलेल्या माणसाला एका बाजूचा तुकडा पाडता येतो, समोरचा काठ टांकसाळीत न उठल्यासारखा करता येत नाही.

पहिल्या नाण्यात चाव्यासमोरचा काठ विरघळल्यासारखा होता. चाव्याजवळची अक्षरंही तुटलेली नव्हती, तर पातळ होत चाव्याकडं झुकली होती, कारण दणक्यात धातू मोकळ्या जागेकडं धावतो. दुसऱ्या नाण्यात अक्षर मध्येच खटकन कापलेलं. मामा दोन्ही नाणी दोन हातांत धरून किती तरी वेळ आलटून पालटून बघत राहिले. मामीही आल्या, त्यांनाही दाखवलं. डब्यातलं पहिलं खरं नाणं सापडलं होतं.

एका पाचच्या नाण्यावर काठापासून आत आलेली वेडीवाकडी रेघ होती. इथं बोटाचं नख पुरतं. रेघ उठावाची असेल तर ती डायला गेलेल्या तड्याची असू शकते, कारण डायमधल्या फटीत धातू भरतो आणि नाण्यावर वर येतो. रेघ खोल असेल, आणि तिच्या दोन्ही कडांना धातू ढकललेला असेल, तर तो ओरखडा. ही उठावाची होती, आणि अक्षराच्या पायातून अखंड गेली होती. हे दुसरं खरं. शेजारच्याच तांबे-निकेलच्या नाण्यावर काठाशी गोळा होता. डायचा तुकडा उडाला की असा गोळा येतो, पण तेव्हा दुसऱ्या बाजूची त्याच जागेची नक्षी फिकी पडते, कारण धातू त्या खड्ड्यात गेलेला असतो. इथं मागची बाजू कोरीव होती. नखानं दाबलं तर गोळा मऊ लागला. रांगा होता.

दहाच्या नाण्यांतलं एक असं होतं की मधले सिंह आडवे आणि बाहेरच्या कड्यावरचं 'भारत' सरळ. अशी नाणी लोक मोठ्या किमतीला देऊ पाहतात, म्हणून हे नीट सांगतो. या नाण्याचा मधला भाग आणि बाहेरचं कडं हे दणका बसायच्या आधी कोरे असतात. एकच डाय दोघांवर एकदम उतरते आणि त्याच दणक्यात ते एकमेकांत घट्ट बसतात. मधली चकती आधी कशीही फिरलेली असली तरी तिच्यावर ठसा सरळच पडणार. मग आतलं आणि बाहेरचं फिरलेलं असेल, किंवा मधला भाग उलटा बसलेला असेल, तर ते कोणीतरी बाहेर ठोकून काढून परत बसवलेलं आहे. टांकसाळीत मधला भाग बाजूला सरकून कड्यावर चढू शकतो, पण तेव्हा नक्षी चढलेल्या भागावरूनही सलग जाते.

एकावर उलटी अक्षरं होती, आत दबलेली. दोन नाणी शिकंजात ठेवून आवळली की असं होतं. उलट्या अक्षरांखाली मूळ नक्षी अजून दिसत होती आणि मागचे उंच भाग चपटे झाले होते. खऱ्या प्रकारात आधीचं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर तेच ठसा पाडतं. म्हणून तिथं खाली जुनी नक्षी नसते आणि दुसरी बाजू धडधाकट असते.

फिरलेली नाणी मात्र मामांनी बरोबर ओळखली होती. आपली नाणी उभ्या अक्षावर उजवीकडून डावीकडं पलटली की मागची बाजू सरळ दिसायला हवी. त्यांनी ठेवलेल्या काही नाण्यांत ती तिरपी येत होती, एकात जवळपास उलटी. डाय तिच्या जागी सैल होऊन फिरली की हे होतं. बाहेर कोणी हे करू शकत नाही, फक्त दोन नाणी अर्धी घासून चिकटवली तरच. त्यासाठी कडेवर जोड आहे का ते बघायचं आणि वजन करायचं. जोड नव्हता. ही सगळी खरी. भारतीय नाण्यांत हा प्रकार बऱ्यापैकी सापडतो, म्हणून किंमत बेताची, हेही मी मामांना तेव्हाच सांगितलं.

तळाशी दोन-तीन जुनी नाणी होती, ती घेऊन मी संभाजीनगरच्या सराफ्यातल्या एका जाणकार आजोबांकडं गेलो. चारमिनारचं चित्र असलेला हाली सिक्का त्यांनी बघताक्षणी ओळखला, मधल्या कमानीत उस्मान अलींच्या नावाचा 'ऐन' होता. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं आमच्याकडच्या जुन्या घरांतून ही नाणी अजून निघतात. दुसरं नाणं चांदीचं, हातानं पाडलेलं, अक्षरं एका कडेला घसरलेली आणि अंगावर छोट्या टोच्यांच्या खुणा.

"हे सेंटरला नाही, आजोबा. चूक म्हणायची का?"

"नाही बेटा. तेव्हा ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा. जेवढा आला तेवढा आला. खुजिस्ता बुनियादचे रुपये बघ, निम्म्यांवर टांकसाळीचं नावच उतरत नाही. आन् ह्या टोच्या सराफांच्या. चांदी तपासून बघायचे."

खुजिस्ता बुनियाद म्हणजे औरंगजेबाच्या काळापासूनच्या नाण्यांवर येणारं आपल्याच शहराचं नाव. कॉलर, रिमिंग, पंच यांचे माझे सगळे नियम यंत्राच्या नाण्यांपुरतेच आहेत, हे त्यांच्यासमोर बसून मला स्वच्छ कळलं. पैठण-तेरच्या बाजूला सापडणाऱ्या सातवाहनांच्या शिशाच्या आणि पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांनाही ते लावता येत नाहीत. आजोबांनी आणखी एक बजावलं: नांगराला असं काही लागलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. घासायचं तर मुळीच नाही. चिंच, लिंबू, राख लावून चकाचक केलेलं नाणं आणलं की त्यांना खरोखर वाईट वाटतं, कारण पृष्ठावरचा पुरावाच त्यात धुऊन जातो.

खरी ठरलेली नाणी मी कागदी पाकिटांत घातली आणि प्रत्येकावर वजन, माप, साल, टांकसाळीची खूण आणि चूक कोणत्या पायरीवरची ते लिहिलं. एका पाकिटावर शेवटची ओळ कोरी आहे. चांदणीचं, पितळी रंगाचं पाचचं नाणं, सालाचा शेवटचा आकडा दुहेरी. दणक्याच्या वेळी सैल डाय किंचित घसरली तरी आकडा दुहेरी दिसतो, पण तेव्हा दुसरी आकृती चपटी, पायरीसारखी असते आणि मूळ आकडा उलट बारीक होतो. त्याला संग्रहात मोल नाही. डाय तयार होतानाच ठसा दोनदा बसला असेल तर दोन्ही आकृत्या पूर्ण उंचीच्या असतात आणि आकडा जाड होतो. या नाण्यावर आकडा जाड आहे, पण वरची आकृती झिजल्यामुळं तिची उंची ठरवता येत नाही. डायचाच दोष असेल तर त्या डायनं पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो तसाच, त्याच जागी येणार. म्हणून त्याच सालाचं, चांदणीचं, कमी झिजलेलं दुसरं नाणं हवं आहे. मामांना फोटो पाठवला आहे, आणि ते रोज रात्री गल्ला मोजताना पाचची नाणी वेगळी काढून सालं बघत आहेत.